गाव उठण्याचे तिसरे कारण

'गाव उठणे' हा मराठीतील एक जुना शब्दप्रयोग आहे. पटकीच्या साथीने गाव उठे, लुटारूंच्या भयाने उठे, लागोपाठच्या दुष्काळांनी उठे. मागे उरलेल्या जागेला ओसाड पांढर म्हणत, आणि पुढे केव्हातरी कोणी धीराचा माणूस तिथे पुन्हा चूल मांडी. 'उठणे' ह्या क्रियापदात ही शक्यता गृहीतच आहे. जे उठते ते पुन्हा बसू शकते. निदान दुसरीकडे जाऊन बसू शकते. मराठी कथात्म वाङ्मयाने ह्या शब्दप्रयोगाचा आशय दोन वेळा मोठ्या सामर्थ्याने प्रकट केला आहे: एकदा अवर्षणाच्या संदर्भात, एकदा धरणाच्या संदर्भात. गेल्या दहा-बारा वर्षांत सह्याद्रीच्या उतारांवरील आदिवासी वाड्यांवर उठण्याची पाळी येऊ लागली आहे ती तिसऱ्याच कारणाने. येथे पाऊस पडतो, पण उताराला सोसवणार नाही इतक्या वेगाने पडतो, आणि ज्या डोंगराच्या आधाराने वाडी वसली तो डोंगरच जागा सोडतो. ह्या तिसऱ्या कारणाला आपल्या वाङ्मयात अद्याप भाषा मिळालेली नाही, आणि ती न मिळाल्याचा परिणाम वाङ्मयापुरता मर्यादित राहात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. ते पटवावयाचे तर आपल्याजवळ आधीचे काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या लहानशा वाडीत एक तरुण शिक्षक येतो, वाडी त्याला हळूहळू आपला मानते, सर्वांच्या श्रमाने तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळाने ती वाडी रिकामी होते. धनगरांची महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींत गणना होत नाही, ही गोष्ट शासकीय वर्गीकरणाशी नित्य संबंध असलेल्या वाचकास सांगावयास नको. परंतु ऋतूने ज्यांचे जगणे ठरते आणि ऋतू फिरला की ज्यांना भूमी सोडावी लागते, अशा समाजाचे इतके विश्वसनीय चित्रण मराठीत दुसरे सहसा सापडणार नाही. ह्या कादंबरीचे यश कशात आहे? दुष्काळाचे वर्णन तिच्यात फारसे पसरट नाही. माडगूळकर आवाज चढवीत नाहीत. वाडी उठते तेव्हा वाचकाच्या काळजाचा ठाव सुटतो, कारण तोपर्यंत त्या वाडीतील घर न् घर त्याच्या ओळखीचे झालेले असते. उठण्याच्या दुःखाचे मोल वसण्याच्या तपशिलाने ठरते, हे माडगूळकरांनी पुरते ओळखले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अवर्षण पावलापावलाने येते. आधी ओढे आटतात, मग विहिरी, मग जनावरे हाडांवर येतात, आणि मग एकेक घर निघते. अशा निघून जाण्याला दुष्काळी मुलखात 'जगायला जाणे' असा शब्द आहे. ह्या दोन शब्दांत जाण्याचा हेतूही आहे आणि पाऊस पडला तर परतण्याची वाटही आहे. म्हणून 'बनगरवाडी'चा शेवट करुण असला तरी तो बंद नाही. पुढच्या मृगाची शक्यता त्यातून पुसली गेलेली नाही.

दुसरे कारण धरण. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली आली आणि १९९२ सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराने तिचा गौरव झाला. येथे गाव उठते ते आकाशाच्या लहरीने नव्हे. शासनाच्या योजनेने उठते. खैरमोडे गुरुजींसारख्या सज्जनाची त्या यंत्रणेत जी फरफट होते, ती वाचताना आपल्यासारख्या सरकारी नोकराला वारंवार अस्वस्थ व्हावे लागते. कोणता कागद कोठे अडतो, कोणत्या शेऱ्याने कोणाचे आयुष्य एक वर्ष मागे जाते, हे लेखकाने आतून पाहिलेले आहे, कारण लेखक स्वतः महसूल खात्यातील अधिकारी होते. 'बनगरवाडी'त ज्याच्यावर रागवावे असे कोणी नाही. 'झाडाझडती'त रागावण्यासारखे पुष्कळ आहेत, आणि राग हाच त्या कादंबरीचा प्राण आहे.

धरणाच्या विस्थापनाला आणखी एक गोष्ट लाभली, ती म्हणजे नाव. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. 'धरणग्रस्त' आणि 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द मोर्चांतून कायद्यात आणि कायद्यातून घराघरांत गेले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ गावांतील भिल्ल व पावरा आदिवासींनी, मणिबेलीपासून वरच्या गावांपर्यंत, ह्याच शब्दांच्या आधाराने आपले म्हणणे जगापुढे मांडले. 'ग्रस्त' ह्याचा मूळ अर्थ गिळला गेलेला. पण धरणग्रस्त मनुष्य पाणी येण्याच्या कितीतरी आधी धरणग्रस्त ठरतो, कारण बुडित क्षेत्राची रेषा नकाशावर आधीच आखलेली असते. ती रेषा क्रूर असेल, परंतु ती दिसते. तिच्या विरुद्ध उभे राहता येते, तिच्यावर वाद घालता येतो, आणि तिच्यावर कादंबरीही लिहिता येते.

आता तिसऱ्या कारणाकडे येऊ. ३० जुलै २०१४ च्या पहाटे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे प्रामुख्याने महादेव कोळ्यांचे गाव दरडीखाली गेले. १५१ माणसे मृत्यू पावली. नेहमीच्या वेळेला गाडी घेऊन आलेल्या एस.टी.च्या चालकाला जागेवर गावच दिसेना, आणि त्याच्याकडून बाहेरच्या जगाला पहिली वार्ता कळली. ह्याच खोऱ्यात डिंभे धरण आहे, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. एकाच खोऱ्यात दुसरे कारण खालून आणि तिसरे कारण वरून आले, असा हा विलक्षण भूगोल आहे. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दडपली गेली. २७ प्रेते हाती लागली. ५७ माणसांचा पत्ता लागला नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारी यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, आणि माणसांनी कुदळ-फावड्यांनी काम केले. त्या रात्री वाडीतील काही तरुण शाळेच्या इमारतीत होते, म्हणून ते वाचले.

ह्या घटनांचा हवामानबदलाशी असलेला संबंध सांगताना तोल राखला पाहिजे. एका विशिष्ट दरडीचे सगळे खापर तापलेल्या समुद्रावर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. सह्याद्रीचा कातळ काळ्या बसाल्टचा. त्यावर झिजून मऊ झालेल्या दगडमातीचा थर असतो. पाऊस सावकाश पडला तर पाणी झिरपते आणि वाहून जाते. थोड्या वेळात फार पाणी मुरले तर त्या थराची पकड सुटते आणि तो कातळावरून घसरतो. उतारावर केलेली कापणी आणि सपाटीकरण, तुटलेले रान, अडलेले ओहोळ ही सर्व ह्या क्रियेस साहाय्य करतात. माळीणनंतर भातखाचरांसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावरही मोठा वाद झालाच. परंतु ह्या सर्वांच्या वर पाऊस आहे, आणि पावसाची जात पालटली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि अरबी समुद्रावरून उसळून येणारे बाष्प हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. इर्शाळवाडीवर दरड कोसळण्यापूर्वीच्या तीन दिवसांत त्या भागात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले. अनेक पिढ्यांच्या अनुभवावरून 'येथे राहता येते' असे ज्यांनी ठरविले होते, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. तो ज्या पावसाचा होता, तो पाऊस आता राहिला नाही.

मग आपली भाषा ह्या घटनेपुढे काय करते? वर्तमानपत्रांची भाषा पाहावी. गाव 'साखरझोपेत' असते, 'काळाचा घाला' पडतो, 'निसर्गाचा कोप' होतो, आणि 'होत्याचे नव्हते' होते. बातमीदाराला घाईत लिहावे लागते, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु हीच शब्दकळा पुढे कवितेत, स्फुटात आणि ललित लेखात जशीच्या तशी उतरते, तेव्हा टीकाकाराने थांबावयास हवे. 'घाला' हा शब्द दरोडेखोराच्या संदर्भातील आहे. घालणारा बाहेरून येतो, अवचित येतो, आणि त्याच्या येण्यापूर्वी सांगण्यासारखे काही नसते. ह्या रूपकात घटनेला भूतकाळच उरत नाही. वाडी जणू त्या रात्रीच अस्तित्वात आली आणि त्याच रात्री संपली. साखरझोप हा शब्द तर अधिकच अनुचित आहे. संततधार पावसात उताराखालच्या झोपडीत निजलेल्या माणसाची झोप साखरेची असते, हे शहरातील गच्चीखाली निजणाऱ्यानेच लिहावे.

दुसरी भाषा आपली स्वतःची, म्हणजे टिपणीची. तीत 'बाधित', 'आपद्ग्रस्त', 'लाभार्थी', 'तात्पुरता निवारा' हे शब्द आहेत. हे शब्द हास्यास्पद नाहीत. त्यांच्यावाचून कोणाला घर मिळत नाही आणि कोणाच्या वारसाला रक्कमही मिळत नाही. तथापि त्यांच्या व्याकरणात एक उणीव आहे, आणि ती पाहण्यासाठी वाङ्मयीन दृष्टीच हवी. धरणग्रस्त आधी ठरतो आणि पाणी मागून येते, हे वर पाहिलेच. 'दरडग्रस्त' मात्र दरड कोसळल्यावरच होता येते. त्यापूर्वी त्या मनुष्याला नावच नाही. त्याच्या जागेला आहे: 'दरडप्रवण'. हे विशेषण गावाला लागते, उताराला लागते. त्या उतारावर आज संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या बाईला ते लागत नाही. आणि यादीत नाव नसेल तर जागेलाही ते लागत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे त्या दुर्घटनेनंतर शासनानेच सांगितले. म्हणजे २० जुलैच्या सकाळी जे दरडग्रस्त ठरले ते १९ जुलैच्या सायंकाळी कागदावर कोणीच नव्हते. नाव नसलेल्याला नोटीस देता येत नाही, आणि त्याचे म्हणणेही नोंदविता येत नाही. भाषेतील पोकळी येथे प्रशासनातील पोकळी होते. वर 'परिणाम वाङ्मयापुरता मर्यादित राहात नाही' असे म्हटले ते ह्याच अर्थाने.

मराठी वाङ्मयात डोंगरावरचा आदिवासी आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो आला, आणि मोठ्या प्रेमाने आला. गो. नी. दांडेकरांनी त्याला आणले. 'माचीवरला बुधा'मधील बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि तिथल्या झाडापाखरांत, एकटेपणात कृतार्थ होतो. 'जैत रे जैत' तर ठाकरांचीच कथा. जब्बार पटेलांच्या १९७७ सालच्या चित्रपटामुळे ती घरोघर पोचली. राणीमाशीच्या डंखाने एक डोळा गमावलेला नाग्या लिंगोबाच्या सुळक्यावरील पोळी पाडण्याची प्रतिज्ञा करतो आणि चिंधी त्याच्या प्रतिज्ञेत आपले आयुष्य मिसळून टाकते. ही कथा कर्नाळ्याच्या परिसरातील आहे. कर्नाळ्याचा सुळका आणि इर्शाळगडाचा नेढे असलेला सुळका एकाच मुलखात, एकाच जिल्ह्यात उभे आहेत. दोन्हींच्या तळाशी ठाकरांची वस्ती आहे. म्हणून इर्शाळवाडीची वार्ता ऐकताना ज्या मराठी वाचकाला 'जैत रे जैत' आठवले नसेल, त्याने ती कथा नीट वाचली नव्हती असेच म्हणावे लागेल.

आपण ती नीट वाचलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ढोल, मध, रान आणि प्रणय ह्यांच्या मोहिनीत आपण तिचा गाभा बाजूस ठेवला. तो गाभा असा: ज्या डोंगराला मनुष्य देव मानतो, त्या डोंगराशी त्याचे भांडण होते. नाग्या देवाला सोडून जात नाही आणि त्याला शरणही जात नाही. तो त्याला जाब विचारतो. त्या जाबाची किंमत त्याला फार मोठी द्यावी लागते. इर्शाळगडाखालून उतरून आलेल्या ठाकराच्या मनातील प्रश्न ह्याच जातीचा असणार. डोंगराने आम्हांला वरी-नाचणीची दळी दिली, मध दिला, लाकूड दिले, पावसाळ्यात कंद आणि भाज्या दिल्या, आणि मग त्यानेच हे केले, तर आता त्याच्याशी आमचे नाते काय? हा प्रश्न 'निसर्गाचा कोप' ह्या दोन शब्दांत मावत नाही. तो दांडेकरांच्या नायकाने विचारला असता. पण दांडेकरांच्या गद्याची एकूण ओढ चढण्याची आहे. शहरातून निघून गडावर, माचीवर, सुळक्यावर जाण्याची आहे. ज्याला उतरावे लागते त्याची कथा त्या गद्यात बसत नाही. वर जाणाऱ्याला डोंगर मुक्कामाचा वाटतो. वर राहणाऱ्याला तो पोटाचा असतो, आणि उतरल्यावर पोटाचे काय करावयाचे हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा असतो.

माळीणसाठी आमडे येथे नवे गाव बांधले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे लोकांच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील रस्ते व भराव खचल्याच्या बातम्या आल्या. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळ लोखंडी पेट्यांसारख्या तात्पुरत्या घरांत ठेवण्यात आले, आणि सिडकोकडे त्यांच्या पक्क्या घरांचे काम देण्यात आले. पक्के घर ही थोडी गोष्ट नव्हे, आणि डोंगराखाली दवाखाना व रस्ता जवळ येतो हेही नाकारता येणार नाही. अनेकांना उतरावयाचेच असते. त्यांना वर ठेवून त्यांच्या संस्कृतीचे गोडवे गाणे हा शहरी माणसाचा स्वार्थ आहे. परंतु दळीची जमीन वर राहते, वनहक्काचा दावा वरच्या रानाशी बांधलेला असतो, गुरे चारण्याची जागा वर असते. मनुष्य खाली निजतो आणि त्याचे पोट वर भरते, अशी ही विभागणी आहे. तिच्यातून जे दैनंदिन जीवन निर्माण होते त्याचे चित्रण कोणत्याही कथाकाराला आव्हान वाटावे असे आहे.

ते चित्रण कोणी करावे, हा प्रश्न आला की गोदावरी परुळेकर आणि वाहरू सोनवणे ह्यांची नावे अपरिहार्यपणे पुढे येतात. परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे वारली लढ्याचे निवेदन १९७० साली आले आणि १९७२ सालचा अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्या निवेदनात लेखिका बाहेरची आहे, आपण बाहेरच्या आहोत हे ती जाणून आहे, आणि वेठबिगारीचा शत्रू तिला स्पष्ट दिसतो आहे. शहाद्याकडील भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांनी मात्र 'स्टेज' ह्या कवितेत वेगळीच बोचरी जाणीव व्यक्त केली: आमचे दुःख आम्हांलाच ऐकविले जाते, ऐकविणारे व्यासपीठावर असतात, आणि आम्ही खाली. १९८७ साली 'गोधड' हा त्यांचा संग्रह आला तेव्हापासून मराठी समीक्षेला ह्या तक्रारीकडे पाठ फिरविता येत नाही. दरडीच्या विस्थापनाला ती तक्रार दुपटीने लागू पडते. मोर्चा नाही, नेता नाही, ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यावी असा कोणी समोर नाही. त्यामुळे वाडीतील माणसाला व्यासपीठ मिळण्याचा प्रसंग येतो तो फक्त अपघातानंतरच्या आठवड्यात, ध्वनिवाहकापुढे, आणि तेव्हा त्याला विचारले जाते ते एकच: तुमचे किती गेले?

येथे एक आक्षेप संभवतो. वाङ्मय हे काही पुनर्वसन खाते नव्हे. कलेने कोणाचे काम करावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे फडके-खांडेकरांच्या जुन्या वादाला नव्याने तोंड फोडणे होय. हा आक्षेप गंभीर आहे, पण येथे तो गैरलागू आहे. प्रस्तुत लेखक कोणाकडून प्रचार मागत नाही. सध्याच्या लिखाणावरील त्याचा आक्षेप मुळात कलात्मकच आहे. शोकान्तिकेला निवड लागते. ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींत काही ना काही गमवावे लागणार आहे, अशा माणसाचीच कथा शोकात्म होऊ शकते. अवचित घाल्याची कथा हळहळ निर्माण करील. तीत शोकान्तिकेची उंची येणार नाही. आणि वास्तवात निवड असतेच. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी उतारावरच्या वाडीत हे बोलणे होते: भेग रुंद झाली का, झऱ्याचे पाणी गढूळ का आले, खाली पाहुण्यांकडे जावे का, गेलो तर शेळ्यांचे काय, म्हातारी येईल का, आणि खाली आपल्याला जागा कोण देईल? ही बोलणी हीच ह्या विषयाची खरी सामग्री आहे. 'बनगरवाडी'च्या पूर्वार्धात जी चिकाटी आहे ती येथे हवी. आपले लेखक मात्र तिच्या अखेरच्या पानापासून आरंभ करतात.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. अलास्कातील न्यूटोक हे युपिक लोकांचे गाव. गोठलेली जमीन वितळू लागली, नदी काठ खाऊ लागली, आणि गावाने विसाव्या शतकाच्या अखेरीसच हलण्याचा विचार पक्का केला. त्यांनी नवी जागा निवडली. तिचे नाव मर्टार्विक, म्हणजे झऱ्याचे पाणी मिळण्याचे ठिकाण. २०१९ साली पहिली कुटुंबे तेथे गेली आणि २०२४ साली उरलेली. पनामातील गार्दी सुगदूब बेटावरील गुना लोकांनीही समुद्र चढण्यापूर्वी, वर्षानुवर्षे आपापसांत वाद घालून, मुख्य भूमीवर जाण्याचे ठरविले; जून २०२४ मध्ये सुमारे ३०० कुटुंबांना नव्या वसाहतीत घरे मिळाली. दोन्हीकडे सरकारी दिरंगाई भरपूर झाली, दुःखही झाले, काही जण मागे राहिले. पण दोन्हीकडे कथेचा आरंभ प्रेतांच्या मोजदादीने होत नाही. तो गावाच्या बैठकीने होतो. आपल्याकडे मात्र बरोबर माळीणच्या तारखेलाच, ३० जुलै २०२४ रोजी, दहा वर्षांनी, त्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे वायनाडात डोंगर कोसळला, आणि पुन्हा सगळे निवेदन त्या पहाटेपासूनच सुरू झाले.

तेव्हा हे लिहावयाचे कोणी? वाडीतील शिकलेला तरुण लिहील तेव्हा ते सर्वांत खरे होईल, आणि आज आश्रमशाळांतून शिकून निघालेल्या पिढीत तो असेलही. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. 'बनगरवाडी'चा निवेदक शिक्षक आहे. 'झाडाझडती'चा लेखक अधिकारी. विस्थापनाचे मराठी वाङ्मय बरेचसे नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या माणसांच्या नजरेतून आलेले आहे, ही गोष्ट ह्या मासिकाच्या वाचकवर्गाने विचारात घेण्यासारखी आहे. आपणांपैकी कोणी महसुलात असेल, कोणी वनखात्यात, कोणी भूविज्ञान सर्वेक्षणात, कोणी अर्थखात्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ ह्या कालावधीसाठी नदीच्या व समुद्राच्या धुपेने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली, हे आपणांस कागदावरून ठाऊक असते. काठ खचणाऱ्याला निदान एक शीर्षक मिळाले, ही त्या शिफारशीतील नवी गोष्ट. उतार खचणाऱ्याला ते केव्हा मिळेल, हा प्रश्न आपल्या टेबलावरूनच जात असतो.

लक्ष्मीबाई नगरातील सरकारी घरांत राहणाऱ्या आपणां मंडळींना स्थलांतराचा एक प्रकार चांगला परिचयाचा आहे, तो म्हणजे बदलीचा. बदलीच्या हुकमात रुजू होण्याची मुदत असते, सामान नेण्याचा भत्ता असतो, नव्या ठिकाणी दर्जाप्रमाणे निवासस्थान असते, आणि सेवानिवृत्तीनंतर परतावयाचे एक गाव मनात असते. तरीही आपण घर हलविताना किती कुरकुरतो! ह्या अनुभवाचा उपयोग एवढाच की, ज्या स्थलांतरात ह्यांतील एकही गोष्ट नसते त्याची कल्पना आपल्याला वजाबाकीने करता यावी. मुदत नाही, हुकूम नाही, परतण्याचे गाव नाही. कारण ते गाव मातीखाली आहे आणि त्याला आता गाव म्हणत नाहीत, स्मृतिस्थळ म्हणतात.

म्हणून अपेक्षा ठेवावयाची ती अशा कादंबरीची, जिचा आरंभ अजून उभ्या असलेल्या वाडीत होतो. ती वाडी यादीत असेल किंवा नसेल. तिच्यात माणसे लग्ने करतील, भांडतील, दळी भाजतील, देवाला कोंबडे देतील, आणि ज्येष्ठाच्या अखेरीस एका रात्री ओसरीवर बसून उतरावयाचे की नाही ह्याचा वाद घालतील. काहींचे एक मत होईल, काहींचे दुसरे. कोणी तलाठ्याकडे अर्ज घेऊन जाईल आणि त्याला विचारले जाईल की, आपण कोणत्या सदराखाली येता. तो जे उत्तर देईल तो शब्द आज मराठीत नाही. तो शब्द लेखकाने शोधावयाचा आहे. आणि तो सापडला तर टिपणीत घ्यावयास आपणांपैकी कोणाची हरकत नसावी.